खातं बंद करताना कार्डाचं कोण विचारणार?

संपादक महोदय,

'जुनं खातं बंद केलं की सिबिल (आपण उधारी कशी फेडतो त्याचा रिपोर्ट आणि स्कोअर) खराब होतं, मग होम लोन मिळत नाही' असं आमच्या कंपनीत निम्मे लोक छातीठोकपणे सांगतात आणि त्या भीतीने दोन-दोन तीन-तीन जुनी सॅलरी अकाउंट तशीच ठेवतात. पगार यायचा थांबला की काही महिन्यांनी ते साधं सेव्हिंग होतं, मिनिमम बॅलन्स नाही म्हणून पैसे कापले जातात. अहो, साध्या सेव्हिंग खात्याचा सिबिलशी संबंधच नाही. रिपोर्टमध्ये कर्ज, क्रेडिट कार्ड, ओव्हरड्राफ्ट (खात्यात असतात त्यापेक्षा जास्त पैसे काढायची सोय) असली उधारीच येते, खात्यात शिल्लक किती किंवा ते कधी बंद केलं हे येत नाही. नडतं ते त्या खात्याला चिकटलेलं कार्ड, आणि मला तेच नडलं.

2019 ला चाकणला नोकरीला लागलो तेव्हा सॅलरी अकाउंटबरोबर बँकेने एक क्रेडिट कार्ड गळ्यात मारलं, पहिलं वर्ष फ्री म्हणून. दोनदा वापरलं असेल. 2021 ला नोकरी सोडली, ब्रँचमध्ये जाऊन फॉर्म भरला, चेकबुक दिलं, काउंटरवरच्या मॅडमनी माझ्यासमोर कात्रीने डेबिट कार्डाचे दोन तुकडे केले, मला वाटलं विषय संपला. क्रेडिट कार्डाचं त्यांनी विचारलं नाही, माझ्याही डोक्यात आलं नाही. त्याची वर्षाची फी 500 अधिक 18 टक्के जीएसटी, म्हणजे 590 रुपये, ज्या खात्यातून कटायची ते खातंच नाही, मग लेट फी, त्यावर व्याज, परत लेट फी, आणि स्टेटमेंट जात होतं जुन्या ऑफिसच्या ईमेलवर. गेल्या वर्षी फ्लॅटसाठी दुसऱ्या बँकेत फाइल टाकली तेव्हा तिथल्या साहेबांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. माझा सिबिल रिपोर्ट होता, त्या कार्डापुढे महिन्यांचे चौकोन आणि त्यात 30, 60, 90 असे थकलेल्या दिवसांचे आकडे. बिल्डरला टोकन देऊन झालं होतं, घरी काय सांगायचं तेच कळेना.

वसुलीवाल्याचा फोन आला, अर्धे भरा, सेटल करून टाकतो. मी नाही म्हटलं, कारण मग रिपोर्टवर 'सेटल्ड' लागतं आणि पुढची बँक ते बघून हात आखडते. पूर्ण भरले, नो ड्यूज लेटर हातात घेतलं, तेव्हा कुठे 'क्लोज्ड' झालं. मागचे आकडे मात्र अजून दिसतातच.

रिझर्व्ह बँकेचा 2022 चा नियम आहे की बाकी नसेल तर कार्ड बंद करायचा अर्ज दिल्यावर 7 कामाच्या दिवसांत बंद झालं पाहिजे, नाहीतर बँकेने ग्राहकाला दिवसाला 500 रुपये द्यायचे. पण अर्ज द्यायचा असतो हेच माहीत नसेल तर काय करायचं? आणि लोनच्या तोंडावर चांगलं चाललेलं जुनं कार्ड बंद करायची घाईही नको, 50-50 हजार लिमिटची दोन कार्डं असतील आणि महिन्याला 20 हजार खर्च असेल तर एक बंद केल्यावर एकूण लिमिटमधला वापर 20 टक्क्यांवरून थेट 40 टक्क्यांवर जातो आणि स्कोअर घसरू शकतो.

माझं म्हणणं एवढंच आहे की खातं बंद करायच्या फॉर्मबरोबर बँकेने त्या कस्टमर आयडीवर अजून काय काय चालू आहे, कार्ड, ओव्हरड्राफ्ट, लॉकर, त्याची प्रिंट काढून ग्राहकाची सही घ्यावी. कॉम्प्युटरवर सगळं एका जागी दिसतं, पाच मिनिटांचं काम आहे. पुढच्या सोमवारी आईचं एक जुनं खातं बंद करायला जातोय, ती प्रिंट मागूनच घेणार आहे.

एक वाचक, पिंपरी