बाकड्यावर नावासोबत तारीखही हवी

महोदय,

बागा, बस थांबे, समुद्रकाठ, जिकडे तिकडे सिमेंटची बाकडी बसवली जात आहेत. बाकडी हवीतच, गुडघे दुखणाऱ्या आम्हा ज्येष्ठांना तर फारच. पण ती टिकणार किती, हे ना निधी देणारे विचारतात ना बसवणारे, याचे वाईट वाटते.

आमच्या किनाऱ्यावरच्या गावात बाकड्याच्या फळीखाली हात फिरवला की सुटलेल्या खपल्या लागतात, तांबूस ओघळ दिसतात. कडेला सळई उघडी पडली आहे आणि बसलेल्या मुलांची पोटरी नेमकी तिथेच घासते. खारी हवा आत शिरली की सळई गंजते, गंज फुगतो आणि फळी आतून फोडतो. खाडीची रेती न धुता वापरली असेल, तर मीठ आपणच आत घातलेले असते. काँक्रीटच्या कामासाठीच्या आयएस 456 : 2000 या भारतीय मानकात किनारी हवेसाठी सळईवर 45 मिलिमीटर जाडीचे काँक्रीटचे आवरण आणि किमान एम 30 या ताकदीच्या प्रतीचे काँक्रीट सांगितले आहे. दोन इंची फळीत एवढे आवरण बसणार कुठून? किनाऱ्यावर असला पातळ नमुना मंजूरच होऊ नये. त्यापेक्षा दगडाचा चुरा आणि सिमेंट साच्यात घट्ट ठोकून केलेले, सळईच नसलेले भरीव बाकडे घ्यावे. जड असते, वाहतूक महाग पडते, पण आत गंजायला काही नसते.

घाईही तेवढीच नडते. काँक्रीटवर निदान 7 दिवस पाणी मारावे लागते, त्याची ताकद 28 दिवसांनी मोजतात. इथे उद्घाटन ठरले की ओली बाकडीच टेम्पोत चढतात.

बैठक साधारण 45 सेंटिमीटर उंच असावी आणि एका बाजूला तरी हात असावा. हात नसला की उठताना म्हातारी माणसे शेजारच्याचा खांदा धरतात, आणि शेजारी कोणी नसेल तर बसायचेच टाळतात.

पाठीवर ‘यांच्या सौजन्याने’ ठळक अक्षरांत असतेच. त्याच साच्यात बाकडे ओतल्याची तारीख आणि बनवणाऱ्याचे नाव उमटवायला फारसा खर्च येत नाही. बाकडे लवकर फुटले तर जाब कुणाला विचारायचा, हे निदान कळेल. पुढच्या निविदांत ही अट घालावी, अशी आपल्या दैनिकामार्फत सर्व नगरपालिकांना विनंती.

– एक ज्येष्ठ वाचक, कोकण