दरीलाही बोलू द्या

माथेरानच्या एको पॉइंटवरील लेख (रविवार पुरवणी) वाचला. दरीचे वर्णन सुरेख आहे, पण तिथे जाऊन मनसोक्त ओरडावे हा सल्ला पटला नाही.

ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. समोरचा कडा १७० मीटरवर असेल, तर हाक सेकंदाभराने परत येते. तेवढ्यात दुसऱ्याने आरोळी ठोकली की संपले. सुट्टीच्या दुपारी तिथे पन्नास जण एकदम ओरडत असतात, वर कुणाच्या तरी पाठपिशवीत स्पीकर दणाणत असतो. दरी बिचारी कुणाकुणाला उत्तर देणार?

गेल्या हिवाळ्यात सकाळी सातला गेलो होतो. कणीसवाल्याची शेगडीही पेटली नव्हती. एकच टाळी वाजवली. ती समोरून लख्ख परत आली आणि फांदीवरचे माकड माझ्याकडे रोखून पाहू लागले.

माथेरान २००३ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. पर्यटकांच्या मोटारी गावाबाहेर दस्तुरी नाक्यालाच थांबतात. प्रवासी कर घेतानाच नगरपरिषदेने हे स्पीकरही तिथेच ठेवून घ्यावेत आणि परतताना पावती दाखवली की द्यावेत.

– एक वाचक, कर्जत