पाण्यात बेशुद्ध उतरलेल्या डॉक्टरांस

प्रति,
डॉ. एडगर पास्क यांस,
सप्रेम नमस्कार.

तुम्ही १९६६ साली गेलात. तरीही हे पत्र तुमच्याच नावाने लिहिते आहे, आणि सगळ्यांसमोर लिहिते आहे, कारण तुमच्या कामामुळे जे पाण्यात तगतात त्यांच्यातल्या बहुतेकांनी तुमचं नावही ऐकलेलं नसतं. मी शिडाची होडी चालवायला शिकवते. होडीत पाय ठेवण्याआधी प्रत्येकाच्या लाईफजॅकेटचे पट्टे मी स्वतः ओढून बघते, आणि दर तुकडीत कुणीतरी विचारतंच, "मला चांगलं पोहता येतं, मग हे कशाला?" या प्रश्नाचं सर्वांत खणखणीत उत्तर तुम्ही दिलंत, तेही स्वतःचा जीव पणाला लावून.

तुमच्या आधी ज्यांनी हे काम केलं त्यांचंही ऋण आहेच. १८५४ साली इंग्लंडमध्ये कॅप्टन वॉर्ड यांनी बचाव नौकांवरच्या खलाशांसाठी बुचाच्या पट्ट्यांचं जॅकेट तयार केलं. १८६१ च्या फेब्रुवारीत व्हिटबीच्या किनाऱ्यावर वादळात तिथली बचाव नौका उलटली. तेरा जणांपैकी बारा बुडाले. वाचला तो हेन्री फ्रीमन. ते नवं बुचाचं जॅकेट त्या दिवशी एकट्या त्याच्याच अंगात होतं. नावेवरचे बाकीचेही दर्यावर्दीच होते, समुद्राची त्यांना काही कमी जाण नव्हती. १९०४ साली न्यूयॉर्कमध्ये 'जनरल स्लोकम' ही सहलीची आगबोट पेटली आणि हजाराहून जास्त माणसं गेली. त्यांत बायका आणि मुलंच अधिक होती. बोटीवर जॅकेटं होती, पण वर्षानुवर्षं पडून राहून आतल्या बुचाचा भुगा झाला होता. आयांनी मुलांच्या अंगात ती घातली, मुलांना पाण्यात सोडलं आणि मुलं बुडाली. हे वाचल्यापासून दर हंगामाच्या सुरुवातीला मी आमचं एकेक जॅकेट दाबून, शिवण तपासून पाहते.

पण या सगळ्यांनी एक गोष्ट गृहीत धरली होती, की जॅकेट घातलेला माणूस शुद्धीवर आहे. जॅकेट तरंगतं का, हे ते तपासत. माणसाचं तोंड कुठल्या बाजूला राहतं, याचा कसून तपास झाला नव्हता. दुसऱ्या महायुद्धात विमानं समुद्रात कोसळू लागली तेव्हा हा प्रश्न टाळता येईना. डोक्याला मार लागून बेशुद्ध पडलेला वैमानिक जॅकेटमुळे तरंगायचा खरा, पण पालथा तरंगला तर त्याचा उपयोग काय? हे तपासायचं तरी कसं? पुतळ्याची छाती श्वासाने फुगत नाही. आणि शुद्धीवरच्या माणसाने कितीही ठरवलं तरी तोंडाला पाणी लागताच त्याची मान आपोआप वर उचलली जाते.

म्हणून तुम्ही म्हणालात, मला बेशुद्ध करा.

तुम्ही भूल देणारे डॉक्टर होता, तेव्हा फार्नबरोच्या हवाई दलाच्या प्रयोगशाळेत काम करत होता. आपण काय पत्करतो आहोत हे तुमच्याइतकं कुणालाच ठाऊक नसणार. ऑक्सफर्डचे प्राध्यापक रॉबर्ट मॅकिंटॉश यांनी तुम्हाला ईथर दिलं, श्वासनलिकेत नळी घातली आणि लुळ्या पडलेल्या तुमच्या देहाला जॅकेटसह पोहण्याच्या तलावात सोडलं. एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा, वेगवेगळी जॅकेटं घालून. काही जॅकेटांत तुमचं तोंड पाण्याखालीच राहिलं. त्या नळीवाचून तुम्ही तिथेच गेला असता, आणि ही जॅकेटं ज्यांच्यासाठी होती ते वैमानिक नेमके तसेच गेले असते.

एवढ्यावर तुम्ही थांबला नाहीत. कृत्रिम श्वासोच्छ्वासाची कोणती पद्धत सरस ठरते हे कळावं म्हणून भुलेखाली स्वतःचा श्वास थांबवू दिलात. उंचावरून पॅराशूटने उतरताना किती प्राणवायू पुरतो हे पाहण्यासाठी कमी प्राणवायूची हवा हुंगत पॅराशूटच्या पट्ट्यांना लटकलात. तुमच्या तब्येतीने याची किंमत मोजली का, हे मी सांगू शकत नाही, पण वयाची चोपन्न वर्षंही तुम्हाला मिळाली नाहीत.

याच युद्धात दाखाऊच्या छळछावणीत नाझी डॉक्टर कैद्यांना बर्फाळ पाण्यात बुडवून माणूस किती तग धरतो याची टिपणं काढत होते. त्यांनाही समुद्रात पडलेले वैमानिकच वाचवायचे होते. तोच प्रश्न तुमच्यापुढेही होता. तुम्ही त्यासाठी स्वतःचा देह पुढे केलात. माझा आदर सर्वांत जास्त आहे तो इथे.

आज आम्ही जे शिकवतो ते मुळात हेच आहे. लुळ्या माणसाची हवा भरलेली छाती तरंगते, डोकं जड असल्याने पुढे कलतं, आणि तो पालथा होतो. त्याला उताणं करायचं तर तरंगण्याचा जोर छातीवर, वरच्या बाजूला हवा आणि मानेमागे आधार हवा. पाठीवर भरपूर फोम भरला तर उलट पालथा राहण्यालाच मदत होते. म्हणून चांगलं लाईफजॅकेट पुढून फुगीर आणि मागून सपाट असतं. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या १९९६ च्या संहितेत तर अट आकड्यांत आली: बेशुद्ध माणूस पाण्यात कसाही पडलेला असो, त्याचं तोंड पाच सेकंदांत पाण्याबाहेर आलं पाहिजे आणि पाण्यापासून किमान १२० मिलिमीटर वर राहिलं पाहिजे. ही अट वाचताना मला दर वेळी तुमचा तो तलाव आठवतो.

बाजारात ५० न्यूटनची (न्यूटन म्हणजे जॅकेटच्या तरंगवण्याच्या जोराचं माप) सुटसुटीत जॅकेटंही मिळतात. ती पोहता येणाऱ्या, शुद्धीवरच्या माणसाला हात देण्यापुरती असतात, उताणं करण्याची हमी देत नाहीत. म्हणून आम्ही शिकाऊंना कॉलरवालं, १०० न्यूटनचंच देतो. खुल्या समुद्रात जाणाऱ्याने १५० चं घ्यावं, जड कपडे किंवा अवजारं अंगावर असतील तर २७५ चं. मांड्यांमधला पट्टा मात्र सगळ्यांनीच लावायचा. तो नसला की जॅकेट कानांपर्यंत वर सरकतं आणि माणूस त्यातून खाली घसरतो.

आता माझं कारण सांगते. आमच्याकडे शिकायला आलेला एक मुलगा, पट्टीचा पोहणारा. वाऱ्याची दिशा अचानक फिरली, शिडाखालचा आडवा दांडा सपकन या बाजूचा त्या बाजूला आला आणि त्याच्या कानशिलावर बसला. तो पाण्यात तोंडावर पडला, हाक नाही की हालचाल नाही. मी होडी वळवेपर्यंत जॅकेटने त्याला उताणं केलं होतं. आम्ही पोहोचलो तेव्हा त्याचा श्वास चालू होता. त्याच्या पोहण्याचा त्या वेळी काडीचा उपयोग नव्हता. थंड पाण्यातही असंच होतं. पडल्या पडल्या श्वास अनावर होतो, थोड्या मिनिटांत हातपाय ऐकेनासे होतात, आणि पोहता येणं न येणं सारखंच ठरतं. त्या मुलाला बरं वाटल्यावर मी तुमची सगळी हकीगत सांगितली. तो बराच वेळ काही बोलला नाही. आता नव्या मुलांना पट्टे बांधायला तोच शिकवतो, आणि सुरुवात तुमच्या नावाने करतो.

मॅकिंटॉश यांनाही माझा नमस्कार. मित्राची शुद्ध घालवून त्याला पाण्यात सोडायचं आणि त्याच्या श्वासावर नजर ठेवून उभं राहायचं, यालाही मोठी छाती लागते. त्या मुलाच्या आईने मला मिठी मारून आभार मानले होते. त्यावर पहिला हक्क तुम्हा दोघांचा होता, म्हणून ते आभार या पत्राने तुमच्याकडे सुपूर्द करते.

आपली ऋणी,
होडी शिकवणारी एक शिक्षिका