कामगंध सापळ्याच्या पोस्टला 'लैंगिक मजकूर' ठरवून ग्रुप बंद ठेवल्याबद्दल तक्रार

दिनांक: 7 ऑक्टोबर 2024

प्रति,
व्यवस्थापन व तक्रार निवारण अधिकारी (भारत)

शनिवारी, 5 तारखेला, तुमच्या मदत केंद्राशी 47 मिनिटं फोनवर होतो. तो शेवटचा फोन. आता जे काही सांगायचं ते लेखी.

तुमच्या समाजमाध्यम ॲपवरच्या कापूस उत्पादकांच्या आमच्या ग्रुपमध्ये 11 हजारांवर सभासद आहेत. बहुतेक यवतमाळ, वर्धा आणि चंद्रपूरचे. मी आणि आणखी पाच जण तो सांभाळतो, बिनपगारी. 31 ऑगस्टला मी कामगंध सापळ्यांबद्दल, म्हणजे मादीच्या वासाने नर पतंगांना ओढून पकडणाऱ्या सापळ्यांबद्दल, पुढची पोस्ट टाकली:

"एकरी दोन कामगंध सापळे लावा. लागोपाठ तीन रात्री एका सापळ्यात आठ-आठ नर पतंग सापडले, तर बोंडअळी नुकसानीच्या पातळीवर आली समजा. 20 हिरवी बोंडं फोडून पाहा. दोनांत अळी दिसली तर औषध मारा. डोमकळ्या दिसतील तशा तोडा आणि जाळून टाका."

(डोमकळी म्हणजे आत अळी असलेलं, न उमललेलं फूल.) दोन तासांत ही पोस्ट गायब. कारण दिलं 'लैंगिक सेवांची जाहिरात'. ग्रुपमधल्या एका काकांनी फक्त शेवटचं वाक्य पुन्हा लिहिलं, तेही गेलं. त्याला कारण 'हिंसेला चिथावणी'. 1 सप्टेंबरला तुम्ही 30 दिवसांसाठी ग्रुपमध्ये नवीन पोस्ट बंद केल्या. 2 तारखेला पोळा होता. पोळ्याच्या अमावस्येच्या आसपास बोंडअळीचे पतंग अंडी घालतात आणि पुढच्या दोन-तीन आठवड्यांत कापसाचं काय होणार ते ठरतं. वर्षातले नेमके तेच दिवस तुम्ही आमचं तोंड बांधलं.

अपील केलं. नऊ मिनिटांत उत्तर आलं: 'आम्ही पुनरावलोकन केलं, निर्णय कायम आहे.' नऊ मिनिटांत कोणी केलं? माझा प्रश्न तेव्हाही एकच होता, आजही एकच आहे. मराठी वाचता येणाऱ्या माणसाने ती पोस्ट वाचली का?

तुमची व्यवस्था कशी चालते ते तुम्हाला ठाऊकच आहे, मलाही आता थोडंफार कळलं आहे. आधीच बंदी असलेल्या फोटोची नक्कल आली की त्याच्या ठशावरून यंत्र ती पकडतं. लहान मुलांच्या शोषणाची चित्रं रोखायला 2009 साली फोटोडीएनए आलं, ते याच तत्त्वावर. त्याबद्दल माझी तक्रार नाही, ते हवंच. पण नव्या मजकुराला यंत्र गुण देतं, आणि गुण ठरावीक रेषेपलीकडे गेले की पोस्ट उडते. ते गुण यंत्र शिकतं जुन्या, माणसांनी तपासलेल्या उदाहरणांवरून. मराठीतली उदाहरणं किती होती? 2011 च्या जनगणनेत 8 कोटी 30 लाख लोकांनी मराठी ही मातृभाषा सांगितली. 'कामगंध सापळा' हा शब्द कृषी विभागाच्या पत्रकात आहे, कृषी सेवा केंद्राच्या पावतीवर आहे. त्यात 'काम' दिसलं, पुढे 'नर' दिसला, आणि तुमच्या यंत्राने आम्हाला दलाल ठरवलं.

आता शनिवारचा फोन. मी पैसे भरून घेतलेल्या सदस्यत्वात 'माणसाशी थेट बोलण्याची सोय' आहे, म्हणून तरी तो लागला. पहिली बारा मिनिटं संगीत. मग एक तरुण मुलगा हिंदीत बोलायला लागला. मी म्हटलं, मराठीत बोलणारं कोणी आहे का? "सर, मराठी सपोर्ट अव्हेलेबल नहीं है." ठीक, मी हिंदीत सांगितलं. सापळा म्हणजे काय, पतंग म्हणजे काय, मादीच्या वासासारखा वास सापळ्यातल्या आमिषाला, म्हणजे ल्यूरला, असतो आणि नर त्याच्याकडे येऊन अडकतो. तो ऐकत होता. मग म्हणाला, "सर, तो इसमें सेक्शुअल अट्रॅक्शन तो है ना?"

मी सांगितलं, बाळा, किड्याचं आहे.

तो म्हणाला, पॉलिसीमध्ये किड्यांसाठी वेगळा अपवाद लिहिलेला नाही. मी विचारलं, ही पोस्ट तुझ्यासमोर उघडी आहे का? नाही. त्याला फक्त 'कारण क्रमांक' दिसत होता. म्हणजे ज्या पोस्टबद्दल आम्ही अर्धा तास बोलत होतो ती त्याने पाहिलीच नव्हती, आणि पाहिली असती तरी त्याला वाचता आली नसती. शेवटी त्याने उपाय सांगितला: "आप इंग्लिश में पोस्ट कर दीजिए सर, तब प्रॉब्लेम नहीं आएगा." वणी तालुक्यातल्या 62 वर्षांच्या शेतकऱ्याने पऱ्हाटीवरच्या अळीबद्दल इंग्रजीत वाचायचं. त्या मुलावर माझा राग नाही, त्याच्या हातात काहीच दिलेलं नव्हतं. ज्यांनी त्याला तसं बसवलं, त्यांच्यावर आहे. फोन ठेवल्यावर माझे हात थरथरत होते.

हेही लिहितो, कारण हे जास्त गंभीर आहे. जून महिन्यात आमच्या ग्रुपमध्ये एकाने 'चोर बीटी'ची पाकिटं विकायला ठेवली. तणनाशक सहन करणाऱ्या त्या बियाण्याला देशात परवानगी नाही. आम्ही ती पोस्ट काढली. मग तोच माणूस तुमच्या जाहिरातींत दिसू लागला, आमच्याच सभासदांना. चौदा जणांनी रिपोर्ट केलं. चौदाही जणांना उत्तर आलं: 'ही जाहिरात आमच्या नियमांचं उल्लंघन करत नाही.' बेकायदा बियाणं चालतं, सापळा चालत नाही.

आम्ही ग्रुप कसा सांभाळतो ते ऐका. किडीबद्दल विचारायचं तर फोटो पानाच्या दोन्ही बाजूंचा हवा. लेबलवर नसलेलं औषध किंवा मात्रा कोणी सुचवली की पोस्ट थांबवतो आणि त्याला फोन करून का थांबवली ते सांगतो. हातमोजे, मास्क, वाऱ्याची दिशा, हे दर आठवड्याला लिहितो, कारण 2017 च्या हंगामात आमच्या जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास माणसं गेली. त्यातली दोन घरं माझ्या ओळखीची. आणि आमच्याकडे 'औषध घेणं' या शब्दांचे दोन अर्थ होतात. दुकानातून घेणं हा एक. दुसरा इथल्या प्रत्येक घराला माहीत आहे. मागच्या वर्षी रात्री पावणेबाराला एकाने लिहिलं, 'आता औषध घेऊन मोकळं व्हावं.' आमच्यातल्या एकीने ते वाचलं, शेजारच्या गावातल्या सभासदाला उठवलं, तो मोटरसायकलवर गेला. तो शेतकरी आज आहे. यंदा त्याची कपाशी उभी आहे. त्या वाक्यात यंत्राला कोणता शब्द सापडला असता? ग्रुप तुम्ही बंद ठेवलात त्या 30 दिवसांत असं कोणाला लिहायचं असेल तर त्याने कुठे लिहायचं होतं?

हे फक्त आमच्याच बाबतीत झालं असंही नाही. ऑक्टोबर 2020 मध्ये ब्राझीलमधल्या एका बाईची स्तनाच्या कर्करोगाची लक्षणं दाखवणारी पोस्ट इन्स्टाग्रामच्या यंत्रणेने नग्नता म्हणून काढली होती. चित्रावर पोर्तुगीजमध्ये कर्करोगाचं नाव लिहिलेलं होतं, ते यंत्राने ओळखलं नाही. जानेवारी 2021 मध्ये ओव्हरसाइट बोर्डाने, म्हणजे फेसबुक-इन्स्टाग्रामचे असे निर्णय तपासणाऱ्या स्वतंत्र मंडळाने, ती कारवाई चूक ठरवली. म्हणजे हा धोका तुमच्या धंद्यात कधीपासून माहीत आहे.

कायद्याचंही सांगतो. 2021 च्या माहिती तंत्रज्ञान नियमांप्रमाणे 50 लाखांहून जास्त वापरकर्ते असलेल्या कंपनीने स्वतःहून मजकूर काढण्याआधी कारण कळवायचं असतं आणि बाजू मांडायची पुरेशी संधी द्यायची असते. माझ्या तक्रारीच्या वेळच्या नियमाप्रमाणे पोच 24 तासांत आणि निवारण 15 दिवसांत व्हायला हवं होतं. मी 5 सप्टेंबरला तक्रार दिली. उत्तर आलं 27 सप्टेंबरला, बाविसाव्या दिवशी, एका ओळीचं आणि इंग्रजीत. तुमच्या उत्तरापासून 30 दिवसांत सरकारच्या तक्रार अपील समितीकडे जाता येतं. माझी मुदत 27 ऑक्टोबरपर्यंत आहे आणि अर्ज तयार आहे.

त्याआधी मला हे हवंय: 31 ऑगस्टची पोस्ट आणि काकांची पोस्ट परत लावा. ग्रुपच्या नावावरचा 'लैंगिक मजकूर' हा शिक्का काढा, तो अजून दिसतो आणि त्यामुळे बायका ग्रुप सोडून गेल्या आहेत. चोर बीटीची जाहिरात थांबवा. आणि ती पोस्ट मराठी वाचता येणाऱ्या माणसाने वाचली का, याचं हो किंवा नाही असं उत्तर द्या. मराठीत.

आठ वर्षं मी गावोगावच्या लोकांना तुमचं ॲप उतरवून दिलं, खातं उघडून दिलं, म्हाताऱ्यांना फोटो टाकायला शिकवलं. आता वेचणी सुरू होईल. मग फरदड, म्हणजे वेचणीनंतर कपाशी तशीच ठेवून पुढचं पीक, घेऊ नका म्हणून लिहायची वेळ येईल, आणि कामगंध सापळा हा शब्द मला पुन्हा लिहावाच लागेल. 27 तारखेपर्यंत तुमचं उत्तर आलं नाही, तर तो मी दुसरीकडे लिहीन आणि 11 हजार लोकांना तिकडे घेऊन जाईन.

ग्रुपचा ॲडमिन व तुमचा पैसे भरणारा सदस्य
वणी, जि. यवतमाळ

सोबत: काढलेल्या दोन्ही पोस्टचे स्क्रीनशॉट, तुमचं 27 सप्टेंबरचं उत्तर, सापळ्याच्या खरेदीची पावती