मंदा, तू समितीत यायलाच हवंस

प्रिय मंदा,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर "मी आपली बी.कॉम., मला संशोधनातलं काय कळणार" म्हणालीस आणि विषय बदललास. तेव्हा मला नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहायला बसले आहे. पत्र लांबणार आहे.

आमच्या विद्यापीठाच्या नैतिकता समितीत एक जागा रिकामी झाली आहे. माणसांशी संबंध येणारं कुठलंही संशोधन, मग ती औषधाची चाचणी असो, रक्ताचे नमुने असोत की नुसत्या मुलाखती, सुरू होण्याआधी या समितीपुढे यावं लागतं. आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, त्यांप्रमाणे समितीत ७ ते १५ माणसं, अध्यक्ष संस्थेबाहेरचा आणि निम्मे सदस्यही बाहेरचे. डॉक्टर, वकील, समाजशास्त्रज्ञ असतातच. शिवाय एक सामान्य माणूस लागतो, ज्याचा वैद्यकाशी किंवा संशोधनाशी संबंध नाही. तू जे कारण नकारासाठी सांगतेस, त्याच कारणासाठी तू हवी आहेस.

आमचे आधीचे सामान्य सदस्य निवृत्त तलाठी होते. आता ते मुलाकडे नाशिकला राहायला गेले. त्यांनी काय केलं ते सांगते.

एका मुलीला पीएच.डी.साठी ऊसतोड कामगार बायकांच्या आरोग्यावर काम करायचं होतं. विषय किती निकडीचा, ते तुला माहीत आहे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांबद्दल २०१९ मध्ये सरकारी समिती नेमली गेली. ८२ हजारांहून अधिक बायकांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींची ती शस्त्रक्रिया झालेली निघाली. मुलगी तळमळीची, प्रश्नावली नेटकी. मुलाखती कारखान्याच्या तळावर, कामगारांच्या कोप्यांत म्हणजे झोपड्यांत, मजूर आणणाऱ्या मुकादमाच्या परवानगीने घ्यायच्या होत्या. लिहिता न येणाऱ्या बाईचा संमतीपत्रावर अंगठा आणि एका साक्षीदाराची सही. नियमाला धरून होतं सगळं. आम्ही प्राध्यापक मंडळी नमुना किती मोठा घ्यावा यावर बोलत होतो. तलाठी भाऊ बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी विचारलं, "या बाईचा अंगठा याआधी कुठं लागलाय?"

उचलीच्या कागदावर, मंदा. हंगामाआधी कोयत्याने, म्हणजे त्या नवरा-बायकोने, मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीपोटी आगाऊ रक्कम, घेतलेली असते. ती फिटेपर्यंत तळ सोडायची सोय नाही. त्याच मुकादमाने बोलावून बसवलेल्या बाईपुढे कुणी कागद आणि शाई ठेवली, तर ती नाही म्हणेल कशी? साक्षीदार म्हणून तळावर मिळणार कोण, तर मुकादमाचाच माणूस. आयुष्यभर लोकांचे अंगठे घेतलेल्या माणसालाच हे दिसलं.

मग सगळं बदललं. मुलाखती हंगाम संपल्यावर बायकांच्या गावी घ्यायच्या. अंगठा नाही, तोंडी संमती घ्यायची आणि तिची नोंद ठेवायची. मुकादमाला कळवायचंसुद्धा नाही. नाव-गाव वहीत नको. बुडालेल्या रोजाचा मोबदला द्यायचा, पण केवळ त्या पैशासाठी हो म्हणावं लागेल इतका नाही. बोलता बोलता एखादीचं दुखणं बाहेर आलं तर तिला कुठल्या दवाखान्यात न्यायचं, हेही आधी ठरवून ठेवायचं. मुलीचे बरेच महिने गेले आणि तिचे मार्गदर्शक माझ्यावर नाराज झाले. पण आपल्या ओट्यावर बसून बायका जे बोलल्या ते तळावर कुणीच बोललं नसतं, असं आज तीच सांगते.

हे बारीकसारीक वाटेल, पण ते चुकलं की काय होतं ते देशाने पाहिलं आहे. २००९ मध्ये तेव्हाच्या आंध्रातल्या खम्ममला आणि गुजरातेत वडोदऱ्याला गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची लस मुलींना टोचायचा प्रकल्प झाला. खम्ममला वसतिगृहांत राहणाऱ्या आदिवासी मुलीही त्यात होत्या. पुढे काही मुलींचे मृत्यू झाले आणि २०१० मध्ये तो थांबला. मृत्यूंचा लशीशी संबंध बहुधा नाही, असं चौकशी समितीने म्हटलं. पण संमतीच्या फॉर्मवर आई-बापांच्या जागी वसतिगृहाच्या वॉर्डनच्या, मुख्याध्यापकांच्या सह्या होत्या. २०१३ मध्ये संसदेच्या स्थायी समितीने त्यावर कडक ताशेरे ओढले. लस चांगली की वाईट हा प्रश्नच वेगळा. पोरीला सुई टोचण्याआधी तिच्या आईला विचारलं का, एवढंच मला विचारायचं असतं. वॉर्डन आणि मुकादम, जागा एकच आहे.

आता मला सगळ्यात जास्त लागतं ते सांगते. मंजुरीचं पत्र दिलं की काम झालं, ही समज सगळीकडे आहे. खरं तर वर्षाला प्रगती अहवाल यायला हवा, आराखड्यात बदल केला तर तो पुन्हा समितीपुढे यायला हवा, आणि आपण प्रत्यक्ष जाऊन बघायला हवं. एका अभ्यासाच्या पाहणीला गेलो होतो. संमतीपत्रांचा गठ्ठा काढला तर सगळ्या सह्यांची तारीख एक, पेन एक, आणि मुलाखती तर तीन आठवडे चाललेल्या. ते काम आम्ही तिथेच थांबवलं. पतसंस्थेत तू इतकी वर्षं जामीनदारांच्या सह्या तपासल्यास. "ताई, कुठं सही करू?" एवढंच विचारून न वाचता सही करणारी माणसं तू रोज पाहिलीस, आणि त्यांना थांबवून व्याजाचा दर मोठ्याने वाचून दाखवायचीस. मला समितीत तेच हवं आहे.

एक मात्र आधीच सांगते, मुलांना अडवायला आपण बसलेलो नाही. पीएच.डी.च्या मुलांना संशोधन नीतीचा दोन क्रेडिटचा कोर्स असतो, पण मुलांच्या डोक्यात राहते ती वाङ्मयचोरीची टक्केवारी. समोरच्या माणसाशी कसं वागायचं, हे त्यांना कुणी शेजारी बसवून सांगत नाही. म्हणून प्रस्ताव दाखल करायच्या आधीच मी त्यांना बोलावून घेते आणि माहितीपत्रक मोठ्याने वाचायला लावते. ते ऐकायला तू असलीस तर फार बरं होईल. जिथे तुला कळणार नाही, तिथे त्या गावातल्या बाईलाही कळणार नाही.

बैठक दोन महिन्यांतून एकदा असते, फायली आठ दिवस आधी घरी येतात. प्रवासखर्च मिळतो. गोपनीयतेच्या कागदावर सही करावी लागेल आणि सुरुवातीला एक प्रशिक्षण असेल, त्याला मी बरोबर येईन. नेमणुकीसाठी एका पानाचा बायोडाटा लागतो. शिक्षण, पतसंस्थेतली नोकरी आणि बचत गटाचं काम एवढं लिहिलंस तरी पुरे. महिनाअखेरीच्या आत पाठवलास तर पुढच्या बैठकीआधी तुझं नाव मांडता येईल. काही शंका असेल तर रात्री नऊनंतर फोन कर. भाऊजींना नमस्कार.

तुझी,
शैला