दहा ओळींत लोकेशन मिळतं, पण पुढचं कोण शिकवणार?

संपादक महोदय, नमस्कार,

तुमच्या पुरवणीत पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा वापरून नेटवरून लोकेशन डेटा कसा काढायचा यावर लेख आला, वाचून बरं वाटलं, मराठीत असलं काही फारसं वाचायला मिळत नाही. पण लेख नेमका जिथे खरी मजा सुरू होते तिथेच संपला, म्हणून हे पत्र.

पत्ता दिला की अक्षांश-रेखांश मिळतात, याला जिओकोडिंग म्हणतात. पत्ता यूआरएलमध्ये, म्हणजे वेबच्या लिंकमध्ये घालायचा, सर्व्हरला रिक्वेस्ट मारायची, उत्तर जेसॉन नावाच्या मजकुरी फॉरमॅटमध्ये येतं, ते पार्स करायचं, म्हणजे त्यातून हवं तेवढं वेगळं काढायचं, झालं. कोड खरंच दहा ओळींचा आहे. नवशिक्याला पुढे काय होतं बघा. ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या खुल्या नकाशाची नॉमिनेटिम नावाची पत्ता शोधायची सर्व्हिस आहे, फुकट आहे, एपीआय की (वापरासाठीचा खास कोड) लागत नाही, म्हणून सगळे तिथूनच सुरुवात करतात. आता ती चालते देणगीवर आणि स्वयंसेवकांच्या जिवावर, त्यामुळे नियम स्पष्ट आहेत : सेकंदाला जास्तीत जास्त एक रिक्वेस्ट, स्वतःच्या प्रोग्रामची ओळख देणारा यूझर-एजंट, आणि मिळालेली उत्तरं स्वतःकडे साठवून ठेवा. तुमच्या लेखातल्या फॉर लूपमध्ये, म्हणजे एकामागून एक पत्ते विचारणाऱ्या कोडमध्ये, यातलं काहीच नाही. हजार पत्त्यांची फाइल घेऊन कोणी तो कोड जसाच्या तसा चालवला तर ब्लॉक व्हायची पाळी येणार, मग पोरगं म्हणणार पायथन बिघडलं. प्रोग्रामला क्षणभर थांबवणारी टाइम डॉट स्लीपची एक ओळ आणि उत्तरं साठवायला एसक्यूलाइट या डेटाबेसचं एक छोटं टेबल, एवढ्यावर काम भागतं, आणि एसक्यूलाइट तर पायथनसोबतच येतं, वेगळं काही इन्स्टॉलपण करावं लागत नाही.

दुसरं म्हणजे उत्तर आलं म्हणजे बरोबर आलं असं नसतं हो. पत्ता सापडला नाही तरी स्टेटस २००च, म्हणजे ‘सगळं ठीक’, असाच येतो आणि हातात रिकामी लिस्ट, त्यातला पहिला आयटम मागितला की प्रोग्राम आडवा. नुसतं स्प्रिंगफील्ड लिहिलं तर अमेरिकेत त्या नावाची गावं कितीतरी राज्यांत आहेत, पहिलं जे येईल ते तुमचंच कशावरून? आणि क्रमाचा घोळ तर विचारू नका. जिओजेसॉनमध्ये (ठिकाणांसाठीच्या जेसॉनमध्ये) आधी रेखांश मग अक्षांश, फोलियम या नकाशे काढणाऱ्या लायब्ररीत, म्हणजे तयार कोडच्या संचात, मार्कर टाकताना आधी अक्षांश. आयफेल टॉवर साधारण ४८.८५८, २.२९४ वर आहे, हेच आकडे उलटे टाका, टॉवर सोमालियाजवळच्या समुद्रात उभा राहतो आणि एकही एरर येत नाही! एरर आली असती तर निदान कळलं तरी असतं. म्हणून नकाशा उघडून चार-दोन ठिकाणं डोळ्यांनी तपासणं हा धड्याचाच भाग हवा, माझ्या मते कोडइतकाच महत्त्वाचा.

जाता जाता, नॉमिनेटिमच्या साध्या जेसॉनमध्ये अक्षांश स्ट्रिंग म्हणजे नुसता मजकूर म्हणून येतो, त्याचा फ्लोट, म्हणजे दशांशाची संख्या करून घ्यावी लागते. आणि दशांशानंतरचे आकडे बघून हुरळून जाऊ नये. चौथ्या आकड्यात एकचा फरक म्हणजे साधारण ११ मीटर, सहाव्यात म्हणजे ११ सेंटिमीटर, आता घराच्या पत्त्यावरून कोण ११ सेंटिमीटर अचूक सांगणार आहे? कधीकधी तर अख्ख्या रस्त्याचा मधला कुठला तरी पॉइंट मिळतो, आकडे मात्र सातच्या सात.

एक गोष्ट लेखात यायलाच हवी होती. लोकांच्या घरांचे पत्ते आपण दुसऱ्याच्या सर्व्हरवर पाठवत असतो. सरावासाठी संग्रहालयं घ्या, स्टेशनं घ्या, ग्राहकांची किंवा पेशंटची यादी कशाला? शिकणाऱ्याच्या हे डोक्यातही येत नाही कारण त्याच्यासाठी तो फक्त एक स्ट्रिंग असतो.

दुसरा भाग काढणार असाल तर कॅशिंग (उत्तरं साठवून ठेवणं) आणि तपासणी यांवर काढा, नवीन लायब्ररी दाखवू नका, प्लीज. आणि हो, लेखासोबत छापलेला नकाशा ओपनस्ट्रीटमॅपचा दिसतोय, त्याखाली त्यांच्या कॉन्ट्रिब्युटर्सचं क्रेडिट कुठेच नाही, लायसन्सप्रमाणे ते द्यावं लागतं, तेवढं पुढच्या अंकात टाका.

आपला,
एक नियमित वाचक