स्त्रीबीजे काढल्यावर पोट फुगले, तर आधी वजन करा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आयव्हीएफसाठी स्त्रीबीजे काढून घरी आलेल्या बाईचे पोट तीन-चार दिवसांत फुगले, की घरचे म्हणतात गॅस झाला. पुष्कळदा तो गॅस नसतो. इंजेक्शनांना अंडाशयांनी प्रमाणाबाहेर प्रतिसाद दिला की ओएचएसएस नावाची गुंतागुंत होते. बहुतेकींना सौम्य त्रास होतो आणि तो आपोआप ओसरतो. मोजक्या जणींच्या मात्र जिवावर बेतते, आणि तिथे उशीर महागात पडतो.

स्त्रीबीजे पिकवणाऱ्या एचसीजी या संप्रेरकाच्या (हार्मोनच्या) ट्रिगर इंजेक्शनानंतर अंडाशयांतून व्हीईजीएफ हे द्रव्य मोठ्या प्रमाणात स्रवते आणि केशवाहिन्या पाझरू लागतात. रक्तातले पाणी पोटात, कधी फुप्फुसांभोवती उतरते. पोट पाण्याने तट्ट, पण रक्तवाहिन्यांत पाण्याचा तुटवडा, अशी अवस्था होते. रक्त दाट होते, लघवी घटते, गुठळ्या होण्याची भीती वाढते. म्हणूनच सूज दिसली म्हणून लघवी वाढवणारी गोळी देणे ही सर्वांत घातक चूक. रक्तात उरलेले थोडके पाणीही ती काढून टाकते.

फॅमिली डॉक्टरांनी अशा रुग्णाला पहिला प्रश्न विचारावा तो ट्रिगरच्या तारखेचा. त्रास आठवडाभरात सुरू झाला तर तो त्या इंजेक्शनाचा परिणाम. दहा दिवसांनंतर सुरू झाला तर बहुधा गर्भ राहिला आहे आणि त्याचेच एचसीजी आगीत तेल ओतते आहे. हा दुसरा प्रकार जास्त दिवस चालतो आणि अधिक तीव्र असू शकतो. पहिल्यात गर्भ राहिला नाही, तर पाळीच्या सुमारास उतार पडतो.

घरी लागते ते वजनकाटा, मोजपट्टी आणि लघवी मोजायला खुणांचे भांडे. रोज सकाळी लघवी करून, काही खाण्याआधी, त्याच काट्यावर वजन करावे आणि बेंबीच्या रेषेत पोटाचा घेर मोजून लिहून ठेवावा. दिवसात 1 किलो किंवा जास्त वजन वाढले, 24 तासांत लघवी 1 लिटरहून कमी झाली, उलट्यांमुळे पाणी पोटात ठरेना किंवा आडवे झाल्यावर दम लागला, तर सकाळची वाट पाहू नये. पाणी तहानेनुसार प्यावे, दिवसाला निदान 1 लिटर तरी. बळेबळे लिटरवर लिटर रिचवून फायदा नाही. दुखण्यावर पॅरासिटामॉल चालते. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक टाळावे, कारण मूत्रपिंडांवर आधीच ताण असतो. धावपळ, व्यायाम, शरीरसंबंध बंद ठेवावेत, कारण सुजलेल्या अंडाशयाला पीळ पडू शकतो. एका बाजूला अचानक असह्य कळ आली तर तीच शंका घ्यावी. पण दिवसभर अंथरुणाला खिळूनही राहू नये, त्याने गुठळ्यांचा धोका वाढतो. या आजारात गुठळी पायातच होते असे नाही. मानेला किंवा हाताला आलेली सूजही दुर्लक्षू नये.

हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातले तांबड्या पेशींचे प्रमाण, 45 टक्क्यांवर गेले तर आजार तीव्र आणि 55 वर गेले तर अतिगंभीर समजतात. मग रुग्णालयात सलाइन, गरजेनुसार अल्ब्युमिन हे रक्तातले प्रथिन, गुठळ्या रोखायला हेपरिन द्यावे लागते. पोट फार ताणले असेल तर सोनोग्राफीत पाहत सुईने पाणी काढतात आणि रुग्णाला लगेच हलके वाटते. तपासताना पोट जोरात दाबू नये, अंडाशय फुटण्याचा धोका असतो.

यातले बरेचसे टाळता येते, आणि माझा आग्रह त्यावरच आहे. पीसीओएस (अंडाशयांत अनेक छोट्या गाठी दिसणारा संप्रेरकांचा विकार), जास्त एएमएच (शिल्लक स्त्रीबीजांचा अंदाज देणारी रक्ततपासणी) किंवा पूर्वी हाच त्रास झालेल्यांसाठी अँटॅगोनिस्ट पद्धत (स्त्रीबीजे वेळेआधी सुटू न देणारी इंजेक्शने), एचसीजीऐवजी शरीराचेच संप्रेरक स्रवायला लावणाऱ्या अ‍ॅगोनिस्टचा ट्रिगर, ट्रिगरपासून आठवडाभर व्हीईजीएफचा परिणाम रोखणारी कॅबरगोलिनची गोळी रोज 0.5 मिग्रॅ आणि सर्व भ्रूण गोठवणे, हे उपाय हाताशी आहेत. ढीगभर फॉलिकल (स्त्रीबीज वाढणाऱ्या पिशव्या) दिसत असताना घाईने त्याच महिन्यात गर्भाशयात भ्रूण सोडणे मला अयोग्य वाटते. भ्रूण गोठवल्याने संधी जात नाही, पुढे ढकलली जाते.

प्रत्येक केंद्राने घरी सोडताना एका कागदावर ट्रिगरचे औषध व तारीख, काढलेल्या स्त्रीबीजांची संख्या, त्या दिवशीचे वजन आणि रात्रीही उचलला जाणारा फोन नंबर लिहून द्यावा. हा कागद मिळाला नाही तर रुग्णाने तो मागून घ्यावा.

आपली,
एक स्त्रीरोगतज्ज्ञ